एकोणीस ताटल्या

नासांबूने शाळेच्या चुलीपुढे बावीस वर्षं काढली आणि सहा मुख्याध्यापक पाहिले. माणूस जोखायची तिची रीत एकच: हा मुलींच्या पातेल्यातलं खातो का? त्यांतले पाचवे, वेपुखुलू सर, रोज खायचे. ताटली घेऊन रांगेत उभे राहायचे, आणि मक्या-घेवड्याची गिठेरी खाता खाता कुणाला बीजगणित अडलंय, कुणाची आई अंथरुणाला खिळलीय, सगळं काढून घ्यायचे.

आसपासच्या शाळा कच्च्या मुलींचे परीक्षेचे फॉर्म भलत्याच केंद्रावर भरायच्या, म्हणजे आपली सरासरी छान दिसते. सर म्हणाले, "पोरी आपल्या आहेत, आपल्याच नावावर बसतील." सरासरी घसरली. पालक निषेधाच्या हिरव्या फांद्या हातात घेऊन आले, गेटला कुलूप ठोकलं आणि सरांचं सामान रस्त्यावर आणून टाकलं. पालक समितीचे अध्यक्ष मुकोया सगळ्यांत पुढे. तीन वर्षं ज्यांनी त्यांच्या पोरी शिकवल्या त्यांना हे बक्षीस! नासांबूच्या अंगाचा तिळपापड झाला.

नवे मुख्याध्यापक खाएम्बा घरचा डबा खायचे. ते आल्यावर महिन्याभरात शेवटच्या वर्गाच्या एकोणीस ताटल्या फडताळात तशाच राहू लागल्या. नासांबूने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही घेवडा शिजवा, मावशी. शाळा मी बघतो."

यंदा निकाल लागला आणि सरासरी वर चढली. बायकांनी गाणी म्हटली, पुरुषांनी खाएम्बांना खांद्यावर घेतलं, गळ्यात चमकीचा हार घातला. बोकड झाडाला बांधलेला होता आणि तो शिजवायचा नासांबूने.

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली ती ताटल्यांची चळत घेऊन. नोकरी जाईल हे ठाऊक असून तिने ती पाहुण्यांच्या टेबलावर आदळली.

"हे काय?" मुकोयांनी विचारलं.

"तुमच्या सरासरीतनं वगळलेल्या पोरी. खाली नावं कोरलीत, वाचा."

मुकोयांनी वरची ताटली उलटी केली. खिळ्याने कोरलं होतं: नेलिमा. त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी.

"ती तर आपणहून शाळा सोडून गेली म्हणे."

"कोण म्हणालं?"

मुकोयांनी खाएम्बांकडे पाहिलं. ते हाराची चमकी चिमटीने तोडत बसले होते.

"तिला तालुक्याला एका भाड्याच्या खोलीत परीक्षेला बसवलं," नासांबू म्हणाली. "वर्षभर मास्तर फिरकला नाही. नापास झाली, आता मका सोलत बसते."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कुलूप आणा रे!"

आता मात्र नासांबू खरी भडकली. "कुलूप लावून एका भल्या माणसाला घालवलंत, तेवढं पुरे नाही झालं? कुलपाने पोरी परत येतात? सोमवारी एकोणीस जणी पुन्हा आपल्या वर्गात बसल्याशिवाय हा बोकड मी चुलीवर चढवणार नाही. हजेरीपट घ्या, मुकोया. तुमच्या हाताने लिहा."

मुकोयांनी पेन उघडलं. पहिलं नाव त्यांना विचारावं लागलं नाही.