कांकणाचा सोनार

चारुदत्त निमकर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. चौकशी करायची सवय मात्र त्यांनी ऑफिसात जमा केली नाही, ती घरी घेऊन आले. नोकरीत असताना कुठे गाडी घसरली, कुठे सिग्नल फसला, की चौकशी समितीवर निमकर असायचेच. प्रत्येकाचा जबाब वेगळा घ्यायचा, सगळे जबाब जुळवून पाहायचे आणि शेवटी एकच मूळ कारण ठरवायचं, हे त्यांनी उभा जन्म केलं. खोटा जबाब देणाऱ्याचं ते पुन्हा तोंड पाहत नसत. आता लखनौच्या सरोजिनी नगरातल्या घरी दूध उतू गेलं तरी ते बायकोचा, कांचनताईंचा, आणि कामवाल्या बाईंचा जबाब वेगवेगळा घेत. उतू गेलेल्या दुधाचं मूळ कारण बहुतेक वेळा स्वतः निमकरच निघत, कारण आदल्या दुधाच्या चौकशीसाठी दोघींना गॅसपासून त्यांनीच उठवलेलं असे. हा निष्कर्ष ते मनातच ठेवत.

घर विमानतळाच्या वाटेवर. विमान डोक्यावरून जायला लागलं की निमकर हात वर करत, बोलणारा होता तिथे थांबे, आणि आवाज विरला की पुढचा शब्द. हा त्या घराचा कायदाच होता. महाराष्ट्र मंडळातून हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही अर्ध्या उखाण्यात थांबत आणि विमान उतरल्यावर नवऱ्याचं नाव घेत.

वेदिका ही निमकरांची एकुलती एक मुलगी. लखनौतच जन्मली, वाढली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. इंजिनियर झाली, चांगली नोकरी लागली, आणि एक दिवस ती सोडून मुंबईला टीव्हीच्या मालिका लिहायला निघाली. त्या दिवशी निमकर म्हणाले, "सिग्नल लाल असताना गाडी पुढे काढली तर आमच्याकडे माणसाला घरी बसवतात."

"घर ही तो छोड़ रही हूँ, बाबा," वेदिका म्हणाली.

दोघांनाही आपापलं वाक्य फार आवडलं, त्यामुळे ते मागे घेणं जड गेलं. अबोला सुरू झाला. वेदिकाचा फोन आईला यायचा. "बाबा ठीक हैं?" ती विचारायची. शेजारच्या खुर्चीतले निमकर मान हलवायचे आणि कांचनताई "ठीक आहेत" असं पुढे कळवायच्या. तिचा फोन येत नाही म्हणून हे करत नव्हते आणि यांचा येत नाही म्हणून ती करत नव्हती. दोन स्टेशनमास्तर एकमेकांच्या 'लाइन क्लिअर'ची, म्हणजे गाडी सोडायच्या परवानगीची, वाट बघत बसले की दोन्हीकडच्या गाड्या उभ्या राहतात, हे निमकरांनी कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं. स्वतःच्या घरी ते सहज विसरले.

मग वेदिकाची मालिका आली, 'बीते कल की बहू'. सासूच्या छळाला कंटाळलेल्या सुनेला माळ्यावरच्या कपाटातून भूतकाळात जायची वाट सापडते आणि ती सासूचं लग्नच मोडायला निघते, अशी एकंदर गोष्ट. रोज संध्याकाळी सातला कांचनताई टीव्ही लावायच्या आणि निमकर वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे. वर्तमानपत्राचं पान काही उलटायचं नाही.

एका भागात सासूनं सुनेला खानदानी कांकण दिलं. ते घालून सून भूतकाळात गेली आणि तिथल्या तरुण सासूच्या हातात तेच कांकण भेट म्हणून चढवून आली. तरुण सासूनं ते जपून ठेवलं आणि म्हातारपणी सुनेला दिलं. वर्तमानपत्र खाली आलं.

"म्हणजे सुनेला सासूनं दिलं, आणि सासूला सुनेनं?" निमकर म्हणाले. "मग घडवलं कोणी? सोनार कुठे आहे?"

"मला काय विचारता," कांचनताई म्हणाल्या. "जिनं लिहिलंय तिला विचारा." आणि नंबर लावून त्यांनी फोन यांच्या हातात दिला.

निमकरांनी इतक्या दिवसांनी मुलीशी बोलताना ना 'कशी आहेस' म्हटलं, ना 'जेवलीस का'. ते म्हणाले, "सोनार कोण?"

मग वेदिका म्हणाली, "बाबा, वो लूप है। लूप में सोनार नहीं होता।"

"सोनाराशिवाय दागिना? आणि एवढ्या फेऱ्या मारून त्याची झीज कशी होत नाही? रूळसुद्धा झिजतो."

"नोट कर लिया," वेदिका म्हणाली, आणि अबोला संपला.

त्यानंतर दर शनिवारी आठवड्याचे भाग संपले की निमकर फोन करायचे आणि चुका सांगायचे. आणि चुका तरी किती निघाव्यात. रुळांवर विजेच्या तारा यायच्या आधीच्या काळात विजेचं इंजिन धडधडत आलं. सासूचा तीळ भूतकाळात डाव्या गालावर, वर्तमानात उजव्या. सुनेनं सासूचं लग्न खरोखर मोडलं आणि घरी परत येते तो नवरा सोफ्यावर चहा पीत बसलेला.

"आईचं लग्न झालं नाही, मग हा आला कुठून?" निमकरांनी विचारलं. "आणि हा नाही तर ती सून कशी? आणि सून नाही तर लग्न मोडायला गेलं कोण?"

"बाबा, पति कहाँ से आया, ये कोई नहीं पूछता," वेदिका म्हणाली. "लोग पूछते हैं, सास की साड़ी कहाँ से आई।"

मध्येच विमान जायचं. मुंबईत बसलेल्या वेदिकाला फोनमधून घरघर ऐकू यायची आणि ती आपोआप थांबायची. ते थांबणं निमकरांना फार आवडायचं. मुलगी घर सोडून गेली पण घराचा कायदा घेऊन गेली, असं त्यांना वाटायचं. शनिवारची ते सोमवारपासून वाट पाहत, आणि हे कोणाला कळत नाही अशी त्यांची समजूत होती.

यंदा संक्रांतीला वेदिका घरी येणार होती. कांचनताईंनी तिळाचे लाडू केले, जुन्या लखनौतल्या चौक बाजारातून गजक, तिथली तिळाची वडी, आणली. आणि लखनौवर धुकं उतरलं. समोरचं फाटक दिसेना. एकही विमान उतरेना की उडेना, आणि वेदिकाचं तिकीट रद्द झालं. घरावर अशी शांतता पसरली की निमकरांना बोलताना उगाचच थांबावंसं वाटायला लागलं.

त्या शांततेत एका दुपारी त्यांना स्वयंपाकघरातलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. कांचनताई मटार सोलत होत्या आणि फोन स्पीकरवर होता.

"या आठवड्यात काही ठेवलं नाहीस का गं?" कांचनताई विचारत होत्या.

"रखा था, आई। सास का तिल फिर गलत गाल पर लगाया था। पर चैनल ने नया आदमी रखा है, सारा लॉजिक वही चेक करता है। एक भी गलती नहीं छोड़ता।"

"मग शनिवारी हे काय करतील?"

"वही सोच रही हूँ," वेदिका म्हणाली.

निमकर दारातच उभे राहिले. ज्या चुका त्यांनी एवढ्या तोऱ्यात पकडल्या होत्या, त्या त्यांच्या वाटेवर कोणीतरी आधीच आणून मांडल्या होत्या. लहान मुलाला सापडावा म्हणून उशीखाली खाऊ ठेवतात, तसं. त्यांना अपमान वाटला. फोन बंद झाल्यावर त्यांनी जबाब घ्यायला सुरुवात केली.

"ते कांकणसुद्धा मुद्दाम होतं?"

"हो," कांचनताई म्हणाल्या. "बाबा गप्प बसणार नाहीत, विचारतीलच, म्हणून घातलं तिनं."

"पण मी विचारलं ते तिनं घातलं म्हणून."

"हो ना."

"मग सुरुवात कोणी केली? मूळ कारण काय?"

कांचनताईंनी मटारचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "सोला," त्या म्हणाल्या.

निमकरांनी मटार सोलले, आणि शनिवारी फोन करायचा नाही असं ठरवलं. आपण काय कोणाचं खेळणं आहोत? इंजिनियर माणूस, एवढ्या चौकशा केलेला.

शनिवार आला. धुकं दिवसभर हललं नव्हतं. सात वाजता मालिका लागली आणि निमकर पुढे सरकून बसले. फोन करायचा नव्हता, तरी डोळे आपले चूक शोधत होते. इंजिन वाफेचं होतं, आणि त्या काळाला शोभेल तेवढाच धूर सोडत होतं. तीळ ज्या गालावर हवा त्याच गालावर. नवरा नाहीसा झाला होता आणि त्याचं व्यवस्थित स्पष्टीकरण होतं. आणि शेवटच्या प्रसंगात, चौकातल्या एका बोळात, दिव्याच्या उजेडात एक म्हातारा ठोकठोक करत बसला होता. कॅमेरा पुढे गेला. म्हातारा कांकण घडवत होता. सुनेनं भूतकाळात नेऊन दिलेलं कांकण वेगळंच, तिच्या माहेरचं होतं, सासूनं ते झिजलं म्हणून मोडलं आणि नवं घडवून घेतलं, आणि पुढे सुनेला दिलं ते हे नवं, अशी सगळी संगती लागली.

सोनार आला. निमकर ज्याला इतके दिवस हुडकत होते, तो समोर बसून हातोडी मारत होता. मालिकेत आता बोट ठेवायला जागा नव्हती. निमकरांना इतकं पोरकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्यांना त्या म्हाताऱ्याचा राग आला. मेल्याला आजच यायचं होतं.

आता मुलीला फोन कशावरून करायचा? 'कशी आहेस' म्हणायला एक फोन पुरतो, हे जगातल्या सगळ्या बापांना ठाऊक असावं. निमकरांना मात्र ते वाक्य जमत नव्हतं. तोंडापर्यंत यायचं आणि तिथे लाल दिवा लागायचा. चूक नाही तर फोन नाही, फोन नाही तर पुन्हा तो अबोला, आणि तो किती लांबतो ते त्यांनी पाहिलं होतं. अपमान वगैरे कुठल्या कुठे गेला. त्यांना मुलीचा आवाज हवा होता, बस.

कांचनताई आत गेल्या. जाताना त्यांनी फोन टीपॉयवर ठेवला.

निमकरांनी नंबर लावला. पलीकडून पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"हाँ बाबा," वेदिका म्हणाली. "आज क्या गलत था?"

"वेदिका," निमकर म्हणाले. "तो सोनार शेवटी काय म्हणाला ते मला कळलं नाही. नेमकं त्याच वेळी वरून विमान गेलं."

लखनौला विमान नाही म्हणून रद्द झालेलं तिकीट वेदिकाच्याच फोनमध्ये होतं. फोनमधून तिला घरघर ऐकू येत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मात्र ऐकू येत होती.

"अच्छा," ती शेवटी म्हणाली. "बहुत ज़ोर से गया क्या?"

"फार," निमकर म्हणाले. "सगळा भागच बुडाला. काहीच ऐकू आलं नाही."

खोट्या जबाबाबद्दल त्यांनी भल्याभल्यांना घरी बसवलं होतं. आपला जबाब कोणी तपासू नये म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सुरुवातीपासून सांग," ते म्हणाले. "मला घाई नाही."

शब्द चाचपडत, एकेक जुळवत, वेदिका मराठीत म्हणाली, "बाबा, एक सोनार होता."