खडूने आकडे टाकलेलं घर

घर विकायला काढायचं आणि मग ते विकलं जाऊ नये म्हणून जिवाचं रान करायचं, हा उद्योग माझ्या घराच्या आधीच्या मालकांइतका मनापासून करणारा माणूस रत्नागिरीत तरी दुसरा झाला नसेल. मांडवीतल्या ज्या घरात बसून मी हे लिहितोय, ते त्यांनीच बांधलेलं. सगळी आळी त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही चाचाच म्हणत आलो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. जहाज सोडून त्यांना बराच काळ लोटला होता, पण जहाजाने काही त्यांना सोडलं नव्हतं. भर दुपारी, लख्ख उन्हात ते खिशात बॅटरी बाळगायचे. दार चांगलं सात फुटी असलं तरी आत शिरताना मान वाकवायचे. जेवता जेवता पंख्याचा आवाज बदलला, तर घास हातात तसाच धरून ऐकत बसायचे आणि "बेरिंग गेलं" असं जाहीर करायचे; आणि ते खरोखरच गेलेलं असायचं. शेजारणीचा मिक्सर भिंतीपलीकडून ऐकून तो कधी जळेल हे त्यांनी सांगितलं होतं, आणि तो बरोबर त्याच आठवड्यात जळला, तेव्हापासून ती शेजारीण त्यांच्याशी बोलत नव्हती.

मी इथल्या एका हायस्कुलात शिकवतो. तेव्हा एसटी स्टँडजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो आणि लांज्याकडच्या गावाहून आईला आणायचं तर जागा पुरत नव्हती. एका एजंटाने हे घर सुचवलं. पहिल्या दिवशी फाटकात उभं राहून तो माझ्या कानात म्हणाला, "मास्तर, घर सोन्यासारखं आहे. फक्त मालक काय बोलतील तिकडे लक्ष देऊ नका." घर विकणारा बढाया मारतो, त्याकडे लक्ष देऊ नये, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मान डोलावली. माझा गोंधळ तिथून सुरू झाला आणि तो पुढे आठ महिने टिकला.

कारण चाचांनी दार उघडलं आणि "या" म्हणायच्या आधी म्हणाले, "एक नंबर तुमच्या डोक्यावर हाय." मी वर पाहिलं. चौकटीच्या वर भिंतीला एक भेग होती आणि तिच्याशेजारी पांढऱ्या खडूने ठळक १ काढलेला होता. तसे आकडे घरभर होते. दोन नंबरला ओल, तीन नंबरला सरकलेली फरशी, चार नंबरला पावसात फुगणारी खिडकी. चाचा बॅटरीचा झोत एकेका आकड्यावर टाकत, आवाज न चढवता, दोषाचा इतिहास सांगत पुढे चालले होते. एक नंबरच्या भेगेवर त्यांनी काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवली होती. "अकरा वर्षं नजर ठेवून हाय तिच्यावर," ते म्हणाले, जणू ती पॅरोलवर सुटलेली होती. मुंबईहून आलेलं एक जोडपं म्हणे नऊ नंबरलाच रिक्षा शोधायला बाहेर पडलं. आखातातून परतलेले एक गृहस्थ बारापर्यंत पोचले. सतरा नंबरपर्यंत टिकलेलं पहिलं गिऱ्हाईक मी. त्यात माझं धैर्य काही नव्हतं. चालू तास सोडून उठायची सवय नाही, एवढंच.

सतरा झाल्यावर चाचींनी चहा आणि सांदणं आणली. गुडघ्यांनी त्या बेजार होत्या. जिना चढवत नव्हता तरी दिवसातून एकदा वर जायच्याच. लेक पनवेलला होती आणि तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं होतं. घर विकलं जाण्याची खरी घाई होती ती त्यांना. बशी माझ्या हातात देत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, तुमी घर विकताव की पंचनामा करताव?"

चाचा शांतपणे म्हणाले, "लपवून विकलं तर शिव्या पनवेलपर्यंत ऐकू येतात."

मग त्यांनी मला वर नेलं. वर एकच खोली आणि तिच्यापुढे समुद्राच्या बाजूला काढलेली गॅलरी. फिकट गुलाबी रंगाची, नक्षीच्या जाळीची. तिथे मात्र एकही आकडा नव्हता. चाचांनी बॅटरी विझवून खिशात घातली आणि छाती काढून उभे राहिले. "ही मी स्वतः उभा राहून बांधली," ते म्हणाले. "हिच्यात काय नाय." एका कोपऱ्यात चाचींची चटई आणि सूप होतं. मी मनातल्या मनात आईची खुर्ची तिथे ठेवूनही टाकली.

घरी येऊन बायकोला काय सांगावं तेच कळेना. एजंट म्हणतो सोनं, मालक म्हणतो मोडकं, आणि मालक तर इतका प्रामाणिक की त्याच्यावर विश्वास ठेवावा तर घर घेता येत नाही, न ठेवावा तर घ्यायचं कुणाकडून? शेवटी बायकोने तिच्या भावाला बोलावलं. माझा हा मेव्हणा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत आहे. त्याला केमिकल कळतं, म्हणजे सगळंच कळत असणार, असा आमच्या सासुरवाडीत पक्का समज आहे. सुट्टीच्या दिवशी तो आला. त्याने सगळे नळ सोडून पाहिले, सगळी बटणं दाबली, गॅलरीत दोन मिनिटं डोळे मिटून वारा खाल्ला आणि म्हणाला, "भावोजी, डोळे झाकून घ्या."

चाचा मागेच उभे होते. "डोळे झाकूनच घ्यायचं तर मी दाखवतोय कशाला?" ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. एवढं चिडलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "मास्तर, जहाज विकत घेताना सर्व्हेयर येतो. टाकीत उतरतो, प्लेटा ठोकतो, चिखलात लोळतो. मालक चहा देतो नि गप उभा ऱ्हातो. आणि घर घेताना कोण येतो? मेव्हणा. नळ सोडतो नि वाऱ्याची तारीफ करतो." मेव्हणा त्यानंतर चहाला थांबला नाही.

"पण चाचा, दोष तर तुम्हीच सगळे सांगितलेत," मी म्हणालो.

"मी विकणारा माणूस. माझं कशाला धरताव? जाणता माणूस आणा. पैसे अर्धे मी देतो. त्यात माझंही भलं हाय."

असं म्हणून विकणाराच घेणाऱ्याच्या मागे लागला. मी दोनदा टाळलं, तर ते शाळेत येऊन शिपायापाशी निरोप ठेवून गेले : सर्व्हेयरचं काय झालं? शेवटी चौकशी करून इमारतींची तपासणी करणाऱ्या एका इंजिनिअर बाईंना मी शोधलं. त्या यायच्या दिवशी चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाटकात ताठ उभे होते. बाईंनी पिशवीतून हातोडी, ओल मोजायचं यंत्र आणि स्वतःची बॅटरी काढली, तेव्हा चाचांनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःची बॅटरी चाचींच्या हातात दिली.

पण पुढचा तास त्यांना जड गेला. बाई एक नंबरपाशी स्टुलावर चढल्या आणि म्हणाल्या, "ही काच कधी लावलीत?"

"अकरा वर्षं झाली."

"फुटली का मधे? बदललीत?"

"छे! तीच हाय."

"मग भेग हललीच नाही, चाचा. हलली असती तर काच फुटली असती. नुसत्या गिलाव्याची भेग आहे ही. रंग देताना बुजवून टाका."

अकरा वर्षं ज्या काचेकडे चाचांनी पुरावा म्हणून बोट दाखवलं, तिनेच आरोपीला निर्दोष सोडलं होतं. दोन नंबरची ओल म्हणजे भिंतीतला गळका पाइप निघाला. चिऱ्याच्या भिंती खणखणीत होत्या. सतरापैकी चौदा आकडे बाईंनी असे एकेक करून खोडले, आणि मला समजेना की चाचा सुखावलेत की दुखावलेत. मीही घर चांगलं निघाल्याचा आनंद मानावा की एवढ्या चांगल्या घराला मी घाबरलो याची लाज वाटून घ्यावी, अशा अवस्थेत होतो.

"झालं तर मग," चाचा म्हणाले. "गॅलरी ऱ्हायली, पण तिच्यात काय नाय."

बाई अंगणात गेल्या, शिडी लावली आणि गॅलरीच्या पोटाला खालून हातोडीने ठोकलं. आवाज पोकळ आला. अजून एकदा ठोकलं, तर गुलाबी रंगासकट ताटाएवढा पोपडा सुटून खाली पडला. आतली सळई दिसली. ती गंजून खराट्याच्या काडीएवढी उरली होती.

"रेती कुठली वापरली होती?" बाईंनी विचारलं.

चाचांनी उत्तर द्यायच्या आधी समुद्राकडे पाहिलं. "समोरचीच," ते म्हणाले. "तेव्हा सगळेच वापरत. मी तर दोनदा गोड्या पाण्यानं धुतली होती."

बाई शिडीवरून उतरल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वर कोणी आहे का?"

वर चाची होत्या. नेहमीप्रमाणे चटईवर बसून तांदूळ निवडत होत्या. चाचा जिन्याकडे धावले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस दोन-दोन पायऱ्या चढला आणि त्याच्यामागे मी. खोलीच्या दारात ते थांबले. पुढे पाऊल टाकलं नाही, आवाजही चढवला नाही. "आत ये," म्हणाले.

"थांबा. एवढं सूप होऊ दे."

"सूप ऱ्हाऊ दे. तू ये. हळू."

नवऱ्याच्या तोंडाकडे बघून चाची काही न विचारता उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून, चार पावलं. त्या उंबऱ्याच्या आत आल्या तेव्हा चाचांनी त्यांचं मनगट पकडलं आणि खाली येईपर्यंत सोडलं नाही. खाली चहा झाला तेव्हाही ते मनगट त्यांच्याच हातात होतं, आणि चाची दुसऱ्या हाताने कप धरून बसल्या होत्या.

"हे मला दिसायला हवं होतं," चाचा म्हणाले.

"रोज बघणाऱ्याला नाही दिसत," बाई म्हणाल्या. "शिवाय स्वतःच्या हाताने बांधलेलं."

दुसऱ्या दिवशी चाचांचा निरोप आला, घर आता विकायचं नाही. मी पुन्हा गोंधळलो. सगळं मोडकं होतं तेव्हा विकायला काढलं होतं, आणि चौदा आकडे खोडल्यावर नाही म्हणतात! मेव्हण्याने फोनवर "मी म्हटलंच होतं" असं सांगितलं. काय म्हटलं होतं ते मात्र सांगितलं नाही. मी जाऊन पाहिलं तर गॅलरी पाडायचं काम सुरू होतं. चाचा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. चार दिवस ते तसेच बसले. पहिल्या दिवशी गडी घण घेऊन पुढे झाले, पण घणाची गरज पडली नाही. पहारीनेच ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी सुटत गेली. "माणूस गेला असता," चाचा दर थोड्या वेळाने म्हणायचे. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "आणि तुमाला मी ती छाती काढून दाखवली."

मलबा उचलून झाल्यावर त्यांनी मला पुन्हा बोलावलं. बाईंनाही पुन्हा बोलवायला लावलं. आता घर विकायचं होतं. मी घेतलं. व्यवहाराच्या दिवशी बाईंच्या अहवालाच्या प्रत्येक पानावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. हे कशासाठी, असं तिथल्या कारकुनाने विचारलं, तर चाचा म्हणाले, "हे मास्तरांनी वाचलं आणि मी वाचलं. आता कुणी कुणाला फसवलं नाय." पनवेलला जाताना चाची रडल्या. चाचा रडले नाहीत, फक्त गाडीत बसल्यावर मोटारीचा आवाज ऐकून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले.

दीड वर्षाने एका नात्यातल्या लग्नाला ते दोघं रत्नागिरीला आले आणि आमच्याकडे चहाला आले. नवी गॅलरी बाईंच्या देखरेखीखाली झाली होती. मी ती दाखवायला उत्सुक होतो आणि थोडा धास्तावलेलाही होतो. पण चाचांनी वर जायचं नावच काढलं नाही. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या होत्या आणि पाहुणे बसतात तसे कोचाच्या कडेला बसले होते. घर छान ठेवलंय म्हणाले. आईची चौकशी केली. ती वर समुद्र बघत बसलीय, म्हटल्यावर हसले.

मग थोड्या वेळाने कप खाली ठेवत त्यांनी मला विचारलं, "मास्तर, बाथरूम कुठल्या बाजूला?"

ते पाहुण्यासारखं अदबीने विचारत होते, की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. मी चाचींकडे पाहिलं. त्यांनी नजर चहाच्या कपाकडे वळवली.

"जिन्याच्या डावीकडे, चाचा," मी म्हणालो.

"हां," म्हणत ते उठले आणि भिंतीला हात लावत, सावकाश, मी सांगितलेल्या बाजूला गेले.