कबुतरं वर, नजर खाली?

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. निजामी अंमलात बीडच्या एका चौकीवर मी जमादार होतो. लग्नघरांतून तांब्याची भांडी चोरीला जात होती, माग लागत नव्हता.

एका सकाळी इस्त्रीच्या कोटातला एक माणूस आला. गावात नुकताच राहायला आलेला, परका. म्हणाला, "शेजारी कबुतरं उडवायला म्हणून छतावर चढतो आणि आमच्या अंगणातल्या बायकांकडे बघतो. अब्रूचा सवाल आहे."

शेजारी म्हणजे कातड्याच्या पाणपिशव्या शिवणारा गरीब माणूस. चौकीचे फौजदार, आमचे अमीनसाहेब, यांनी एक प्रश्नही विचारला नाही. त्याला कोठडीत घातलं आणि संध्याकाळपर्यंत त्याची सगळी कबुतरं मारायचा हुकूम सोडला. कोट दिसला की तक्रार खरी, कातड्याचा वास आला की माणूस गुन्हेगार. हा न्याय म्हणायचा?

जबानी मी घेतली.

"खाली कशाला बघत होतास?"

"न्हाई बघितलं, साहेब. पाखरं वर असली की मान खाली घालता येती का? दुसऱ्याचा थवा आपलं पाखरू घिऊन जातो." मग हळूच म्हणाला, "मला काय करायचं ते करा. खुराड्यात पिलं हायेत."

"लई शाणा हाय बे!" शिपाई हसला.

मी आईला घेऊन तक्रारदाराचं घर गाठलं.

"बायकांची जबानी लागेल."

"त्या परपुरुषासमोर येत नाहीत."

"रीतीप्रमाणे पडद्याआडून घेऊ. पडद्याआड कोण बोलतंय याची खात्री करायला माझी आई आत बसेल."

तो दारातून हलेना. आई म्हणाली, "सरक की बाबा! मी काय वाघीण हाय?"

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. "बाईमाणूस कुठं हाय इथं? चूल थंडी, जातं न्हाई, दोरीवर एक लुगडं न्हाई."

पंच बोलावून अंगण तपासलं. कडब्याखाली तांब्याची हंडी, घंगाळं, सगळी ठोकून चपटी केलेली. तक्रारदार खाली बसला. म्हणाला, "छतावरून दिसलं असतं."

पण शेजाऱ्याला इतक्या दिवसांत त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. तो खरोखरच वर बघत होता.

तक्रार कोणाविरुद्ध आहे हे बघण्याआधी ती कोण करतो आणि कशासाठी, हे विचारावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. चौकी शिकली नाही. कबुतरं वाचली, माणूस सुटला. सोडताना अमीनसाहेब त्याला म्हणाले, "जा, पुन्हा असं करू नकोस."

असं म्हणजे कसं, हे विचारायची त्याची छाती नव्हती. मी विचारलं. साहेबांनी पुढचा माणूस आत बोलावला.