रुमालाखालचा भाव

जुन्या गाड्यांच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. विकणारा माणूस गाडीसोबत तेही आणून देतो.

लातुरात नांदेड रोडला आप्पांचं दुकान आहे. तिथं गाड्या तपासतो मी. आप्पांचे वडील बैलबाजारात दलाल. तिथं भाव बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून सांगतात. आप्पांनी तीच रीत गाड्यांना लावली. गाडी बघितली की मी गिऱ्हाइकासमोर रुमालाखाली आप्पांची बोटं धरायची. एक बोट, एक लाख. पुढचं आप्पा बोलणार. आकडा रुमालाबाहेर निघाला तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही, ही ताकीद. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून मला ते सोईचंच होतं.

*

चाकूरचा एकजण जीप घेऊन आला. टायरला पॉलिश, सीटला नवी कव्हरं, मीटरवर चाळीस हजार. मी नुसतं क्लचच्या पॅडलकडं बोट केलं. रबर झिजून लोखंड दिसत होतं.

तो म्हणाला, "माझा पाय लई जड हाय."

*

उमरीच्या एका काकांना मी सांगितलं होतं, गाडी धुवा, सर्व्हिसची बिलं लावून ठेवा, भाव वाढेल. रंगाला हात लावू नका. काका महिन्यानं आले ते अख्खी गाडी रंगवून! भाव उतरला. रंगाखाली काय दडलंय, कोण सांगणार?

काका चिडले. "पोळ्याला शिंगं रंगवली तर बैल म्हातारा होतो का?"

आप्पा म्हणाले, "न्हाई. पण आम्ही दात बघतो."

*

एका साहेबांनी माझं शिक्षण विचारलं. आठवी, म्हणालो. तर म्हणे, कुणी शिकलेला माणूस बोलवा. मी त्यांच्या गाडीची चारही दारं बोटानं वाजवली. तीन खणखणली, एक ढब्ब वाजलं.

"साहेब, ह्या दाराचा पोचा लांबी-पुट्टी भरून बुजवलाय. कुठं ठोकली होती?"

साहेबांनी मग शिकलेला माणूस मागितला नाही.

*

किल्लारीच्या एक नर्सबाई आल्या. ड्युटीला रोज जायचं, ही देऊन मोठी गाडी घ्यायची होती. बिलं तारखेनं लावलेली. मागचा बंपर एकदा लागलाय, हेही त्यांनीच सांगितलं. इतकी नीट गाडी मी वर्षात बघितली नव्हती. रुमालाखाली मी आप्पांची चार बोटं धरली.

बाई हसल्या. "माझे वडील बैलं घेताना असंच करायचे."

आप्पा म्हणाले, "दोन लाख."

बाईंचं हसू गेलं. दोन लाखांत त्यांचं काहीच भागणार नव्हतं.

"मी न्हाई म्हणत, बाई. आमच्या बालाजीनं तपासली. तो खोटं बोलत न्हाई. विचारा त्याला."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "दोनच का, दादा?"

आप्पा बोटं सोडवून घ्यायला लागले. मी सोडली नाहीत.

दुसऱ्या हातानं मी रुमाल ओढून काढला.