तांब्या त्याच्या हातात दे

"तांब्या त्याच्या हातात दे. मी त्याच्या हातचं पाणी पिणार."

असं म्हणून ती ओट्यावर फतकल मारायची. सुक्या बोंबलांची पाटी बाजूला ठेवायची आणि मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून बसायची. ही बाई या घरात पाणी पिते, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे ना! वेल्ह्याच्या बाजाराला जाणाऱ्यांनी तिला पाहिलं असेल. उंच, काळी, पुढचा एक दात पडलेली. भोरहून एसटीनं यायची आणि खोऱ्यातली गावं पायी फिरायची. सगळे तिला सुकटवाली मावशी म्हणत.

आमच्याकडं ती पहिल्यांदा असं वडिलांच्या हातचं पाणी प्यायली, तेव्हा त्यांना तुरुंगातून सुटून दीड महिना झाला होता. त्या दीड महिन्यात आमच्या दारात दुसरं कुणी आलं नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट.

लपवण्यासारखं काही नाही. बांधाच्या भांडणात वडिलांच्या हातून त्यांचा चुलतभाऊ, म्हणजे माझा चुलता, मेला. फावड्याचा एकच घाव. सात वर्षं ते आत होते. आई पाण्याला गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून निघून जात. कामाला गावात कुणी बोलवत नसे, म्हणून ती रोज डोंगर उतरून दुसऱ्या गावी मजुरीला जायची. मी शाळेत शेवटच्या बाकावर एकटी. आमची तिन्ही खाचरं पडीक.

सुटून आलेले वडील वेगळेच होते. दाराशी थांबून विचारायचे, "जाऊ का?"

"अवो, परसाकडं जायाला बी इचारताय व्हय!" असं म्हणून आई हसायची. मग चुलीकडं तोंड फिरवायची.

भाताची लावणी एका घराच्यानं होत नाही. आमच्याकडं इरजिक असते. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. वडील घरोघरी सांगून आले. कुणी 'नाही' म्हटलं नाही आणि कुणी आलंही नाही. रोपं पिवळी पडायला लागली. वडील बोलेनासे झाले. आईनं फवारणीच्या औषधाची बाटली माळ्यावरून काढून परसात पुरली, ते मी पाहिलं.

मावशीनं तांब्या रिकामा केला आणि विचारलं, "लावणी कदी?"

"माणसं कुठं हाईत, मावशी?"

"माणसं लई हाईत. ती बी तुमच्यावानीच घरात दडून बसल्यात."

चौथ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती उतरली. बरोबर सहा बापे. कामथडीचा एक, पानशेतकडचे दोघं, बाकी भोरच्या अलीकडचे. सातवा गुंजवण्याहून बैलजोडी घेऊन चालत आला. सगळे कधी ना कधी आत जाऊन आलेले.

रोपं उपटताना मी मावशीला म्हटलं, "चुलतीला सांग ना. ती आली तर सगळं गाव येईल."

"न्हाई. तिचं माणूस गेलंय. तिच्या दारात आपुन जायाचं न्हाई. ती आली न्हाई तर त्यो तिचा हक हाय."

थोड्या वेळानं तीच बोलायला लागली. मान खालीच होती.

"माजा भाऊ सुटून आला. म्हणला, आक्का, पानी आणू का तुला? लोकं बगत हुती. म्या म्हणलं, नको, तहान न्हाई. तिसऱ्या दिशी हिरीतनं काडला त्याला."

रोपांची मूठ बांधून तिनं मागं टाकली.

"तहान लागली हुती मला."

दुपारी तिनं हाळी दिली, "चला, जेवाया!" वडील धरून आठही बापे चिखलातून वर आले, हात धुतले आणि बांधावर दोन-दोन करून बसले. एका जोडीमागं दुसरी जोडी. गुडघे छातीशी, नजर खाली. तुरुंगात मोजणीला तसंच बसवतात. इथं कुणी सांगितलं नव्हतं. अंगवळणीच पडलेलं.

रस्त्यावर बघायला उभे असलेले हसले. "मोजा रं मोजा! येकांदा पळाला आसंल!"

वडिलांचे कान लाल झाले. ते उठायला लागले. आता उठले तर पुन्हा या खाचरात उतरणार नाहीत, हे मला कळलं. तेवढ्यात मावशी गेली आणि शेवटच्या जोडीमागं तशीच गुडघे दुमडून बसली.

"मी नववी. मला जोडी न्हाई. येतंय का कुणी बसाया, का नुसतं दात काडताय?"

रस्त्यावरून कुणी आलं नाही. मी ताटल्या खाली ठेवल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. वडिलांनी मागं वळून पाहिलं, आणि ते परत खाली बसले.

संध्याकाळपर्यंत तिन्ही खाचरं लावून झाली. मग हीच माणसं एकमेकांच्या शेतांवर फिरली. सगळे सावरले नाहीत. एकजण चोरी करून परत आत गेला. पानशेतकडचा एक दारू पिऊन गटारात मेलेला सापडला. त्या दिवशी मावशी आमच्या ओट्यावर बसून राहिली. पाणी मागितलं नाही. पाटी तशीच भरलेली परत नेली.

पुढं ती दवाखान्यात पडली. आम्ही भोरला गेलो, तेव्हा शेवटचंच चाललं होतं. पुतण्या चमच्यानं तोंडात पाणी घालायला वाकला. तिनं ओठ मिटून घेतले आणि बोट वर केलं, वडिलांकडं. दहा-बारा नातेवाईक बघत होते. वडिलांनी चमचा घेतला. निम्मं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. उरलेलं ती प्यायली.

आता आमच्या लावणीला गावातली अकरा घरं येतात. चुलती येत नाही. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. वडील बाहेर जाताना कुणाला विचारत नाहीत.