घरफोडीची हत्यारं

"गुन्हा कबूल करा भीमाबाई, थोडक्यात सुटाल," कोर्टाच्या व्हरांड्यात मी म्हणालो.

"कुटला गुन्हा? जात्याला टाकी लावली त्यो?"

तेव्हा मी सोलापुरात वकिली करत होतो. भीमाबाई टकारी समाजाच्या. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने पुन्हा खाचा पाडायच्या, म्हणजे टाकी लावायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रज सरकारने कायदा करून अख्खी जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली आणि तारेच्या कुंपणात डांबली. त्या जागेला सेटलमेंट म्हणत. बाहेर जायला पास, संध्याकाळी हजेरी. टाकी लावायला मंद्रूप गावी गेलेल्या भीमाबाईंची हजेरी चुकली. पोलिसांनी वाटेतच धरलं, टाकी-हातोडी जप्त केली आणि पंचनाम्यात लिहिलं, 'घरफोडीची हत्यारं'. ती सरकारजमा झाली असती तर बाईंचा धंदाच बुडाला असता.

"पण उशीर का झाला?" हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

"टाकी लावली की पिठात कच येती. दोन दळणं काडून टाकायची, मग पीठ जिबंवर घ्यायचं. कचकच लागली तर उटायचं न्हाय, ही आमची रीत हाय. हजेरीपायी लोकांना दगड चारू व्हय?"

मला माझीच लाज वाटली. कबुलीचा विचार सोडून मी सेटलमेंटच्या मॅनेजरची उलटतपासणी घेतली.

"आपल्या घरी जातं आहे?"

"आहे."

"टाकी कोण लावतं?"

मॅनेजरने सरकारी वकिलाकडे पाहिलं. मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. "उत्तर द्या."

"सेटलमेंटमधल्याच बायका."

"कशाने?"

"टाकी-हातोडीने."

निकाल लागला. हजेरी चुकवल्याबद्दल आठ दिवस कैद, हत्यारं परत. क्लार्कने पावती पुढे सरकवली. भीमाबाईंनी हात पदराखाली घेतला.

"आदी वाचा."

"घरफोडीची हत्यारं परत मिळाली," क्लार्कने वाचलं.

"अंगठा मिळायचा न्हाय. धंद्याची अवजारं, असं लिवा."

"बाई, आठाचे पंधरा दिवस होतील!" क्लार्कने दटावलं.

"होऊ द्या की. माज्या आईनं बी ह्याच टाकीवर घर चालवलं. ती काय घरं फोडत हुती?"

मी उठून अर्ज केला. मॅजिस्ट्रेटनी पावती मागवली आणि स्वतःच्या हाताने दोन शब्द खोडून दोन लिहिले. मग अंगठा उमटला, आणि भीमाबाई ताठ मानेने पोलिसाच्या पुढे चालत तुरुंगात गेल्या.

कायदा पुढे बरीच वर्षं तसाच राहिला. मी मात्र तेव्हापासून अशिलाला कबुलीचा सल्ला देण्याआधी तो काय काम करतो ते नीट विचारून घेतो.