बाळंतविड्यातली वडी

गेल्या डिसेंबरमधल्या एका गुरुवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास, नाशिकच्या आमच्या घरात माझ्या पत्नीने स्वतः बनवलेल्या साबणाने हात धुतले आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजली. त्याच साबणाची एक वडी आदल्या दिवशी नामपूरला गेली होती, बारा दिवसांच्या मुलीसाठी. त्याच गुरुवारी तिचं बारसं होतं.

पत्नी शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरी साबण, उटणं आणि केसांचं तेल बनवते. मागची बाल्कनी बंद करून तिथे ओटा आणि मांडण्या केल्या आहेत. साबण ती बनवते. लेबलं मी लिहितो आणि वहीतल्या नोंदी मी ठेवतो: कोणता दिवस, कोणती तेलं, किती ग्रॅम, कॉस्टिक किती. एका दैनिकाच्या डेस्कवर माझी तीस वर्षं गेली. नोंदीचं काम माझ्याकडे त्यामुळेच आलं.

साबणात कॉस्टिक सोडा असतो हे ऐकून माणसं दचकतात. प्रत्यक्षात तेल आणि कॉस्टिक ठरलेल्या प्रमाणात मिसळलं, की दोन्ही एकमेकांत संपतात आणि साबण तयार होतो. कॉस्टिक हिशेबापेक्षा थोडं कमीच घालायचं, म्हणजे वडीत जरासं तेल शिल्लक राहतं आणि त्वचा कोरडी पडत नाही. ते जास्त झालं, तर वडीत तसंच राहतं. वासावरून ते कळत नाही. महिनाभर वाळवलं तरी ते जात नाही.

ती वडी नोव्हेंबरमध्ये साच्यात घातली होती. त्या दिवशी दोन साचे भरले. दोन्ही लहान मुलांच्या साबणाचे: खोबरेल, बदाम तेल, थोडं एरंडेल. पहिला साचा भरून झाला. दुसऱ्यासाठी पत्नी कॉस्टिकचं वजन करत असताना दारावरची बेल वाजली. गॅसचं सिलिंडर आलं होतं. सिलिंडरवाल्याला ओटीपी हवा होता आणि तो तिच्या मोबाइलवर आला होता. हाक मी मारली. तिने हातमोजे काढले, बाहेर आली, नंबर सांगितला, सिलिंडरचं सील तपासलं आणि आत गेली. तोवर वजनकाटा आपोआप बंद झाला होता. आमचा काटा काही वेळ हात लावला नाही तर बंद होतो. पुन्हा चालू केला, की वर भांडं असलं तरी शून्य दाखवतो.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी मी वही घेऊन बसलो आणि विचारलं, "दुसऱ्या साच्याचं कॉस्टिक?"

"नेहमीचंच," ती म्हणाली.

मी नेहमीचा आकडा लिहिला.

चार आठवड्यांनी वड्या तपासल्या. तपासण्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. ओल्या वडीवर पट्टी टेकवायची आणि रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. आमची पद्धत एका ट्रेमागे एक वडी तपासण्याची होती. जागा कमी म्हणून त्या वेळी दोन्ही साच्यांच्या वड्या एकाच ट्रेवर वाळत होत्या. तपासलेली वडी पहिल्या साच्याची होती आणि ती ठीक निघाली. काही वड्यांवर पांढरी भुकटी धरली होती. थंडीच्या दिवसांत अशी भुकटी येते आणि ती निरुपद्रवी असते. पत्नीने ती सुरीने खरवडली. मी लेबल लिहिलं: "नवजात बाळांसाठी सौम्य." हे वाक्य माझं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी मंगळवारी वर आल्या. त्या मूळच्या नामपूरच्या. त्यांच्या भावाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली होती. आत्या म्हणून बाळंतविडा वहिनींनी न्यायचा होता: आईला साडी, बाळाला झबली-टोपरी, दुपटी, डिंकाचे लाडू, काजळ, तेल आणि साबण.

"तुमचा साबण ठेवते विड्यात," त्या म्हणाल्या. "पण पोरगी गोरी नाही झाली तर परत आणून देईन हं."

"गोरी व्हायचं मी कधी सांगितलं? लेबल हे लिहितात, ह्यांनाच धरा."

"भाऊजी लिहितात ते छापून आल्यासारखं खरं वाटतं बाई."

सगळे हसलो. त्या ट्रेवरून तोवर बाहेर गेलेली ती एकमेव वडी.

गुरुवारी सकाळी पत्नीने हात धुतले ते कडा तासताना निघालेल्या तुकड्यांनी. ते ती न्हाणीघरात वाटीत ठेवते. थंडीने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. आधी चुरचुरलं, मग आग सुरू झाली. तिने बोटं नळाखाली धरली आणि मला पट्ट्या आणायला सांगितल्या. तुकड्यावर टेकवलेली पट्टी गडद जांभळी झाली. तक्त्यातला तो शेवटचा रंग.

दुसऱ्या साच्याच्या वड्यांना एका बाजूला फळीच्या सांध्याची बारीक रेघ उमटते. एका साच्यातून आठ वड्या निघतात. मी ट्रे जेवणाच्या टेबलावर आणून मोजलं. रेघ नसलेल्या आठ होत्या. रेघ असलेल्या सात.

"पुन्हा मोजा," पत्नी न्हाणीघरातून म्हणाली.

पुन्हा मोजलं. सातच.

वहिनींना फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्यांचे यजमानही सोबत गेले होते. त्यांचा फोन बंद लागला. भावाचा नंबर आमच्याकडे नव्हता. खालच्या घराला कुलूप होतं. आंघोळीची वेळ माहीत नव्हती. बारशाच्या दिवशी बाळाला घरची न्हाऊ घालणारी बाई सकाळीच न्हाऊ घालते, एवढं माहीत होतं. अकरा दिवस बेसन आणि साय लावायची, साबण बाराव्या दिवसापासून, असा वहिनींच्या माहेरचा रिवाज. तो त्यांनीच मंगळवारी सांगितला होता.

आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही गाडी काढली. मी चालवत होतो. पत्नीच्या मांडीवर ओला नॅपकिन आणि त्यात तिचा हात. डाव्या हाताने ती वहिनींचा नंबर लावत होती. पिंपळगावपर्यंत तिने अकरा वेळा लावला.

पिंपळगावच्या पुढे गाडी बाजूला घेऊन मी सटाण्याला फोन केला. तिथले एक जुने वार्ताहर माझ्या डेस्कला वीस वर्षं बातम्या देत होते. त्यांना थोडक्यात सांगितलं.

"साहेब, घराचं नाव?"

नाव सांगितलं.

"त्या आडनावाची नामपुरात निम्मी वस्ती आहे. अजून काय माहिती?"

"कांदा मार्केटच्या जवळ. आज बारसं. पहिली मुलगी."

"एवढ्यावर बातमी दिली असती तर तुम्ही परत पाठवली असती मला," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "बघतो. मार्केटात आपला एक आडत्या आहे. त्याचा माणूस पाठवतो."

त्यांना मी दोनच गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या. साबण लावू नका. लावला असेल तर नुसत्या पाण्याने धुवत राहा, लिंबू, व्हिनेगर, तूप, हळद काही लावू नका. त्यांनी दोन्ही वाचून दाखवल्या.

रस्त्यावर लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. वडाळीभोईच्या पुढे गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाईना.

"वजन नेहमीचं नव्हतं," पत्नी म्हणाली.

"मग किती होतं?"

"माहीत नाही. तुम्ही हाक मारलीत, मी आले. परत गेले तर काटा शून्यावर. भांड्यात होतं ते अर्धं धरलं मी. अर्धं अजून घातलं."

"ओतून पुन्हा का नाही केलंस?"

"बाहेर काढलेलं कॉस्टिक बरणीत परत टाकायचं नसतं, ओल धरतं. आणि तेलं तयार होती. अर्ध्यापेक्षा जास्तच असणार ते."

"मला नेहमीचंच सांगितलंस."

"हो."

ती बाहेर पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "डोळ्यात गेलं असेल तर?" मी समोरच्या ट्रॅक्टरला हॉर्न दिला.

देवळ्याच्या अलीकडे सटाण्याचा फोन आला. पावणेदहा झाले होते. मी स्पीकर लावला.

"घर सापडलं," ते म्हणाले. "माणूस पोचला तेव्हा आंघोळ झालेली होती. घरात कोणी धड बोलेना. बाळाला दवाखान्यात नेलंय."

"काय झालंय?"

"ते कन्फर्म नाही."

"डोळ्यांना?"

"साहेब, कन्फर्म नाही. मला जेवढं कळलं तेवढं सांगतोय."

देवळा ते नामपूर आम्हाला एक तास लागला. त्या तासात फोन आला नाही. आम्ही लावलाही नाही. पत्नीने नॅपकिन घट्ट पिळून धरला होता आणि त्याचं पाणी तिच्या साडीवर गळत होतं. सटाण्यात सिग्नलला थांबलो, तेव्हा शेजारच्या रिक्षातून एक तान्हं मूल रडल्याचं ऐकू आलं. तिने काच वर केली.

दवाखाना बाजारपेठेतच होता. बाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या, बारशासाठी नेसलेल्या साडीत, पदर कोपरापर्यंत भिजलेला. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत.

"मी दिला होता तो," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने उघडून दिला. लेबल वाचून दाखवलं मी सगळ्यांना."

पत्नी म्हणाली, "डोळे?"

"डोळ्यांपर्यंत गेलंच नाही."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला साठीच्या पुढची एक बाई बसली होती. दोन्ही हातांना पातळ ओलं फडकं गुंडाळलेलं. बाळाला न्हाऊ घालणारी ती हीच. त्या घरातल्या तीन पिढ्यांना तिने न्हाऊ घातलं आहे, असं वहिनींनी नंतर सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हाऊ साबन तुमना शे का?"

"हो, आमचा," पत्नी म्हणाली.

तिने जे सांगितलं ते असं. पाटावर पाय लांब करून तिने बाळाला नेहमीप्रमाणे पालथं घेतलं. साबण आधी स्वतःच्या तळहातांवर चोळला. तिच्या तळहातांना काही जाणवलं नाही. पन्नास वर्षं कढत पाण्यात घातलेले हात. आंघोळ ती पायांपासून सुरू करते, डोकं शेवटी. डावी पोटरी चोळून झाली, उजवीकडे वळली आणि बाळ रडायला लागलं. आंघोळीला बाळं रडतातच. घरातलं कोणी उठलं नाही.

"पन पोर रोज रडस तशी नै रडनी," ती म्हणाली. "मंग मी साबन फेकी दिन्हा अन् पानीच पानी टाकं. समदं घंगाळ रिकामं करं."

"घंगाळानंतर दोन बादल्या," वहिनी म्हणाल्या. "आम्ही हिच्यावर ओरडत होतो. पोरगी गारठेल म्हणून. ही ऐकेना."

बाईने फडकं जरा सोडून हात पाहिले. बोटांच्या बेचक्या लाल झाल्या होत्या. पत्नीने स्वतःचा हात पुढे करून दाखवला. बाईने तो आपल्या फडक्यातल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि सोडला.

"तुमले बी?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांना वडीत काय आहे ते नेमकं हवं होतं. मी वही सोबत नेली होती. ते पान उघडून मी सांगितलं, की कॉस्टिकचा लिहिलेला आकडा खरा नाही आणि खरा कोणालाच माहीत नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. बाळाच्या डाव्या पोटरीवर भाजल्याची जखम होती, वरवरची, त्यांच्या अंदाजाने. उजव्या पायावर नुसती लाली. पाणी लगेच आणि भरपूर पडलं म्हणून इतक्यावर थांबलं, असं ते म्हणाले. खोल गेलं आहे का, हे दोन-तीन दिवस गेल्याशिवाय सांगता येणार नाही.

बारसं थांबवलं नाही. दुपारी चारला, पाय दुपट्यात सैल गुंडाळून, बाळाला पाळण्यात ठेवलं. आम्ही निघतो म्हटलं, तर वहिनींच्या भावाने बसायला सांगितलं. आवाजात राग होता. तरी बसा म्हणाले. कोणीतरी आमच्या हातात घुगऱ्या दिल्या. बाळाची आई पाळण्याशी बसून होती. बायका पाळणा म्हणत असताना ती एकदाच पत्नीकडे वळली आणि म्हणाली, "काकू, रात्री ताप आला तर कॉस्टिकमुळे असेल का?" पत्नीने सांगितलं, "मला माहीत नाही. डॉक्टरांना लगेच दाखवा." तिने मान हलवली आणि पाळण्याची दोरी पुन्हा हातात घेतली.

ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी पोटरीवरची कातडी सुटली. नवव्या दिवशी ते बाळाला नाशिकला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन आले. आम्ही दवाखान्याच्या खाली गाडीत बसून होतो. जखम खोल नाही, असं वहिनींनी खाली येऊन सांगितलं. महिन्याभरात ती भरली. न्हाऊ घालणाऱ्या बाईने तीन आठवडे काम बंद ठेवलं. उरलेल्या सात वड्या आणि न्हाणीघरातले तुकडे पत्नीने झाकणाच्या डब्यात भरून, वर खूण करून बाजूला ठेवले. त्या दिवसापासून बाल्कनीत साबण बनवलेला नाही.

जूनमध्ये वहिनी माहेरी जाऊन आल्या. मुलगी आता बसते. तिच्या डाव्या पोटरीवर दोन बोटांएवढी जागा बाकीच्या त्वचेपेक्षा फिकट आहे. ती तशीच राहील की रंग भरून येईल, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.